वेम्बलीचे दोन झेंडे

३० जुलै १९६६ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंडने पश्चिम जर्मनीचा ४-२ असा पराभव करून फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. त्या सामन्याची चित्रफीत आज कुणालाही घरबसल्या पाहता येते. खेळावरची नजर काढून प्रेक्षकांकडे वळवली, तर सुमारे ९७ हजारांच्या त्या गर्दीत जागोजागी युनियन जॅक फडकताना दिसतात. स्पर्धेचे बोधचिन्ह म्हणून विली नावाचा एक सिंह काढला होता. त्याच्या अंगातला सदराही युनियन जॅकचाच. आता जून १९९६ मधली, त्याच मैदानावरची चित्रफीत पाहा. पांढऱ्या कापडावर तांबडा क्रूस असलेला दुसराच झेंडा हजारोंच्या हातांत आहे, पोराबाळांच्या गालांवर रंगवलेला आहे. युनियन जॅक मात्र शोधावा लागतो. तीस वर्षांत एका देशाच्या पाठीराख्यांनी आपला झेंडा बदलला. पार्लमेंटने तसा ठराव केला नव्हता, राणीने फर्मान काढले नव्हते.

झेंड्यांचा इतिहास आपण शाळेत शिकतो आणि शिकवतो तो राजे, सभा आणि ठराव यांचा. लोक झेंडा कसा उचलतात, कुणाच्या हातून काढून घेतात, कुणाच्या हातात तो पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, हे ठरावांत सापडत नाही. ते मैदानाच्या पायऱ्यांवर सापडते. इंग्लंडच्या फुटबॉलवेड्या माणसांचा इतिहास मला त्यासाठीच वाचावासा वाटतो. आपण मुसलमानांनी तर तो जरा लक्ष देऊनच वाचावा.

आपल्याकडे त्या बेटावरचा कुणीही माणूस इंग्रजच. आपल्यावर राज्य करून गेलेल्यांत स्कॉटिश पलटणी किती होत्या याचा हिशेब आपण कधी ठेवला नाही. पण फुटबॉलमध्ये ब्रिटन नावाचा संघ विश्वचषकात उतरत नाही. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड हे चार वेगळे संघ आहेत. जगातला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोत झाला, तोही स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यातच. चारएक हजार लोक बघायला आले आणि एकही गोल न होता घरी गेले. युनियन जॅक हा या सगळ्यांच्या एकीचा झेंडा. १६०६ मध्ये इंग्लंडचा सेंट जॉर्जचा तांबडा क्रूस आणि स्कॉटलंडचा सेंट अँड्र्यूचा तिरपा पांढरा क्रूस एकत्र केले, १८०१ मध्ये त्यात आयर्लंडचा क्रूस घातला. वेल्सला त्यात जागा मिळालीच नाही. म्हणजे १९६६ मध्ये वेम्बलीवर इंग्रज जो झेंडा हलवत होते तो निम्मा स्कॉटलंडचाही होता, आणि इंग्रजांना त्याचे भान नव्हते. घरातला थोरला भाऊ सामाईक अंगण आपलेच समजतो, तसे ते होते.

फुटबॉल आणि झेंडा यांची गाठ मात्र त्याहून जुनी आहे. ४ डिसेंबर १९३५ रोजी नाझी जर्मनीचा संघ लंडनमध्ये टॉटनहॅम क्लबच्या व्हाइट हार्ट लेन मैदानावर खेळायला आला. टॉटनहॅमच्या पाठीराख्यांत ज्यूंची संख्या मोठी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यूरेंबर्गच्या कायद्यांनी जर्मनीतल्या ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले होते. कामगार संघटनांचे नेते वॉल्टर सिट्रीन यांनी सामना रद्द करा म्हणून गृहमंत्र्यांकडे मागणी केली. गृहमंत्री जॉन सायमन यांनी ती नाकारली. खेळात राजकारण नको, हे वाक्य तेव्हाही तयारच होते. सुमारे दहा हजार जर्मन प्रेक्षक आले, मैदानावर स्वस्तिकाचा झेंडा चढला. सामना चालू असताना एक माणूस छपरावर चढला आणि त्याने त्या झेंड्याची दोरी कापून टाकली. इंग्लंडने सामना ३-० असा जिंकला. तीन वर्षांनी, १४ मे १९३८ रोजी, बर्लिनच्या ऑलिम्पिक मैदानावर इंग्लंडच्या अकराही खेळाडूंना हात पुढे करून नाझी सलामी द्यायला लावण्यात आली. ब्रिटिश राजदूत आणि फुटबॉलचे अधिकारी यांची तशी इच्छा होती. सामना इंग्लंडने ६-३ असा जिंकला. पण त्या दिवसाचे नाव निघाले की लोकांना सलामीचे छायाचित्रच आठवते. दोरी कापणारा एक साधा प्रेक्षक होता आणि सलामी द्यायला लावणारे जबाबदार, सुसंस्कृत गृहस्थ होते. पाठीराखा म्हणजे दारू पिऊन आरडाओरडा करणारा मूर्ख आणि अधिकारी म्हणजे शहाणा, ही वाटणी इतकी सोपी नाही, ती अशी.

त्या टॉटनहॅमच्या पाठीराख्यांना पुढे काय ऐकावे लागले तेही सांगितले पाहिजे. प्रतिस्पर्धी संघांचे लोक त्यांच्याकडे पाहून तोंडाने 'स्स्स' असा आवाज काढत. तो गॅस चेंबरमधल्या वायूचा आवाज. अशी थट्टा करणाऱ्यांपैकी अनेकांचे वडील आणि आजोबा हिटलरविरुद्धच्या लढाईत होते. आणि हीच मंडळी जर्मनीविरुद्धच्या सामन्यात आपण दोन महायुद्धे जिंकली, तुमची विमाने पाडली, अशी गाणी म्हणत. शत्रूशी वैर कायम ठेवून शत्रूचा विचार तेवढा उचलायचा, हे जगात फार ठिकाणी झाले आहे.

युनियन जॅकला खरा डाग लागला तो १९७० नंतर. नॅशनल फ्रंट नावाचा गोऱ्या वंशाभिमान्यांचा पक्ष १९६७ मध्ये निघाला होता. निवडणुकीत त्याला फारसे यश आले नाही. पण मैदानांच्या दाराशी त्याला तरुण पोरे मिळाली. बेकारी वाढत होती. कारखाने बंद पडत होते. शनिवारचा सामना हीच एक जागा अशी की जिथे पाच हजार माणसे एकदम ओरडली तर आपण कुणीतरी आहोत असे वाटे. पक्षाची पोरे मैदानाबाहेर 'बुलडॉग' नावाचे चोपडे विकत. काळा खेळाडू मैदानात आला की माकडाचे आवाज आणि केळी. २९ नोव्हेंबर १९७८ रोजी विव्ह अँडरसन इंग्लंडच्या मुख्य संघाकडून खेळणारा पहिला काळा खेळाडू ठरला. पण संघात जागा मिळणे वेगळे आणि झेंड्याखाली जागा मिळणे वेगळे. १० जून १९८४ रोजी रिओच्या माराकाना मैदानावर जॉन बार्न्सने ब्राझीलविरुद्ध जो गोल केला तो इंग्लंडच्या उत्तम गोलांपैकी एक मानला जातो. जमैकात जन्मलेल्या या वीस वर्षांच्या पोराने ब्राझीलच्या बचावपटूंना एकामागून एक चकवले. इंग्लंड २-० असे जिंकले. त्यानंतरच्या प्रवासात संघाच्याच विमानात नॅशनल फ्रंटचे काही पाठीराखे होते. सामना १-० असाच सुटला, काळ्याने केलेला गोल आम्ही धरत नाही, असे ते ओरडत होते. ही हकिकत बार्न्सनेच पुढे सांगितली आहे. स्वतःच्या देशाचा गोल मोजायला नकार देणारी ही देशभक्ती. तिला काय नाव द्यावे मला कळत नाही.

२९ मे १९८५ रोजी ब्रसेल्सच्या हेझेल मैदानावर लिव्हरपूलचे पाठीराखे इटालियन प्रेक्षकांवर धावून गेले, भिंत कोसळली आणि ३९ माणसे मेली. इंग्लिश क्लबांना युरोपात पाच वर्षे बंदी झाली. इंग्रज पाठीराखा म्हणजे गुंड, हे समीकरण जगभर पक्के झाले. पण याच काळात, १९८७ मध्ये, लीड्सच्या पाठीराख्यांनी वंशद्वेषाविरुद्ध आपली संघटना काढली आणि ज्या दाराशी 'बुलडॉग' विकले जाई त्याच दाराशी आपली पत्रके वाटायला सुरुवात केली. क्लबच्या साहेबांना जाग यायला आणखी काही वर्षे लागली. १९९१ मध्ये मैदानावरच्या वंशद्वेषी घोषणा कायद्याने गुन्हा झाल्या. त्यातही गंमत अशी की दोघा-तिघांनी मिळून ओरडले तरच गुन्हा. एकट्याने ओरडलेले चालत असे. ती फट १९९९ मध्ये बुजवली.

मग आले १९९६. युरोपच्या अजिंक्यपदाची स्पर्धा इंग्लंडमध्ये होती आणि १५ जूनला वेम्बलीवर गाठ पडली स्कॉटलंडशी. आता स्कॉटलंडसमोर युनियन जॅक हलवून काय उपयोग? निम्मा त्यांचाच. शिवाय स्कॉटलंड आणि वेल्समध्ये स्वतंत्र विधिमंडळाची मागणी जोर धरत होती, पुढच्याच वर्षी तिथे सार्वमत झाले. धाकटे भाऊ वेगळे व्हायला निघाल्यावर थोरल्याला प्रथमच प्रश्न पडला की आपले स्वतःचे असे काय आहे. सापडला तो सेंट जॉर्जचा क्रूस. तो जुना होता, पण वापरात नसल्यामुळे स्वच्छ होता. नॅशनल फ्रंटचे हात युनियन जॅकला लागले होते, याला तितके लागले नव्हते. अनेकांना वाटले की हा झेंडा घेऊन इंग्लंडवर प्रेम करता येईल आणि कुणी आपल्याला नाझी म्हणणार नाही. या इच्छेत काही वाईट होते असे मला वाटत नाही.

पण झेंडा नवा असला तरी तो धरणारे हात आणि डोक्यातली गाणी जुनीच होती. २६ जूनला उपांत्य सामना जर्मनीशी. दोन दिवस आधी लंडनच्या 'डेली मिरर'ने आपल्या पहिल्या पानावर इंग्लंडच्या दोन खेळाडूंच्या डोक्यावर युद्धातली शिरस्त्राणे चढवून जर्मनांना शरण येण्याचा हुकूम छापला. तक्रारी आल्या, संपादकाने माफी मागितली. सामना पेनल्टीवर गेला, गॅरेथ साउथगेटची पेनल्टी अडवली गेली, जर्मनी जिंकली. त्या रात्री ट्रॅफल्गर चौकात दंगल झाली, सुमारे दोनशे माणसे पकडली गेली. जर्मन बनावटीच्या मोटारी फोडल्या. आणि ब्रायटनमध्ये एका सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याला जर्मन समजून भोसकण्यात आले. तो रशियन होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीशी लढताना सगळ्यांत जास्त माणसे ज्यांची मेली, त्या देशाचा मुलगा दुसऱ्या महायुद्धाच्या नावाने भोसकला गेला. द्वेषाला परकी भाषा कळत नाही, फक्त ती आपली नाही एवढेच कळते.

ज्या जॉर्जच्या नावाने हा झेंडा आहे तो इंग्रज नव्हताच. परंपरेप्रमाणे तो रोमन सैन्यातला शिपाई, आई पॅलेस्टाइनमधल्या लुद्द गावची. सन ३०३ च्या सुमारास सम्राट डायोक्लेशनच्या काळात ख्रिस्ती धर्म सोडायला नकार दिल्याबद्दल त्याला मारले. त्याची कबर लुद्दमध्ये दाखवतात. इंग्लंडचे त्याने तोंडही पाहिले नव्हते. सलीबी जंगांच्या काळात युरोपच्या फौजांनी त्याला आपलासा केला आणि चौदाव्या शतकात राजा तिसरा एडवर्ड याने त्याला इंग्लंडचा पालक संत करून टाकले. ११९१ मध्ये सलीबी फौजांच्या हाती पडू नये म्हणून सुलतान सलाहुद्दीनने लुद्दचे चर्च पाडले, हेही इतिहासात आहे. पण त्याच भूमीतले मुसलमान या जॉर्जला हजरत खिज्र मानत आले आहेत. सूरा कहफमध्ये हजरत मूसांना भेटणाऱ्या अल्लाहच्या ज्या बंद्याची हकिकत आहे, त्याचे नाव कुरआनात नाही. परंपरेने ते खिज्र सांगितले. लुद्दमध्ये आज सेंट जॉर्जचे चर्च आणि अल-खिद्रची मशीद भिंतीला भिंत लावून उभ्या आहेत. बेथलेहेमजवळच्या एका गावाचेच नाव अल-खादर आहे आणि तिथे सेंट जॉर्जचा मठ आहे. उर्दू शाळेतल्या आमच्या मुलांना खिज्र हे नाव नवे नसते. वाट चुकलेल्याला वाट दाखवणारा तो खिज्र, आणि कुणाला दीर्घायुष्य चिंतायचे तर 'उम्र-ए-खिज्र' म्हणायचे. वेम्बलीवर ज्याचा क्रूस फडकतो तो हाच, असे सांगितले की वर्गात क्षणभर शांतता होते.

अर्थात हा योगायोग फार ताणू नये. लूटनच्या रस्त्यावर तोच झेंडा घेऊन मुसलमानांच्या नावाने ओरडणाऱ्याला खिज्रची गोष्ट सांगून काही फरक पडला नसता. आणि क्रूस दिसताच बिथरणारे आपल्यातही आहेत. २००७ मध्ये मिलानचा इंटर क्लब शताब्दीनिमित्त छातीवर मोठा तांबडा क्रूस असलेला सदरा घालून इस्तंबूलच्या फेनरबाहचे क्लबशी खेळला. तो मिलान शहराचा जुना क्रूस. एका तुर्की वकिलाने त्यात सलीबी जंग पाहिली आणि तक्रार गुदरली. आठशे वर्षांपूर्वीच्या लढाईचा हिशेब फुटबॉलच्या सदऱ्यावर मागायचा, हे काम दोन्हीकडे चालते. त्याहून वाईट प्रसंग २०१५ मधला. १० ऑक्टोबरला अंकारात डाव्या आणि कुर्दी लोकांच्या शांतता मोर्चात स्फोट होऊन शंभरावर माणसे मेली. तीनच दिवसांनी कोन्यात तुर्कस्तान आणि आइसलंड यांच्या सामन्याआधी त्यांच्यासाठी स्तब्धता पाळायची होती. प्रेक्षकांतल्या अनेकांनी शिट्ट्या मारून ती मोडली. महिनाभराने इस्तंबूलमध्ये पॅरिसच्या मृतांसाठीची स्तब्धताही अशीच मोडली गेली. पॅरिसचे परके म्हणावे, तर अंकाराचे कोण होते?

लूटनचे सांगायचे तर मार्च २००९ मध्ये त्या गावात इराकहून परतलेल्या सैनिकांच्या मिरवणुकीसमोर एका छोट्या मूलतत्त्ववादी टोळक्याने शिवराळ फलक धरले. गावातल्या मुसलमानांनाही त्या टोळक्याचा वीट आला होता. दोनच महिन्यांनी त्यांनी भर रस्त्यात त्याला अडवून हुसकावले. पण दुसरीकडे इंग्लिश डिफेन्स लीग नावाची संघटना उभी राहिली. तिचा पाया कुठल्या पक्षात नव्हता, फुटबॉलच्या हुल्लडबाजांत होता. एरवी शनिवारी एकमेकांची डोकी फोडणाऱ्या वेगवेगळ्या क्लबांच्या टोळ्या मुसलमानांविरुद्ध एका रांगेत आल्या. तिच्या म्होरक्याने टॉमी रॉबिन्सन हे नाव घेतले. ते त्याचे खरे नाव नव्हे, लूटनच्याच एका जुन्या हुल्लडबाजाचे आहे. घोषणांच्या चाली मैदानावरच्या, रांगा धरण्याची रीत मैदानावरची आणि झेंडा सेंट जॉर्जचा. १९९६ मध्ये स्वच्छ म्हणून उचललेला झेंडा तेरा वर्षांत तिथेच येऊन पोचला जिथून युनियन जॅक टाकून दिला होता.

याचा अर्थ हा झेंडा लावणारा प्रत्येक जण मुसलमानांचा वैरी, असे कुणी समजेल तर ती चूक एका मोठ्या बाईंनीही केली आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये मजूर पक्षाच्या एमिली थॉर्नबेरी यांनी रॉचेस्टरमधल्या एका घराचे छायाचित्र लोकांपुढे टाकले. दारात पांढरी व्हॅन, खिडकीवर सेंट जॉर्जचे झेंडे. सोबत टीका काही नव्हती, पण नाक मुरडलेले दिसत होते. गहजब झाला आणि त्यांना त्याच दिवशी आपले पद सोडावे लागले. घराच्या मालकाने सांगितले की झेंडे विश्वचषकासाठी लावले होते, ते तसेच राहिले. गरीब गोऱ्याच्या घरावर झेंडा दिसला की तो द्वेष्टा, आणि मुसलमानाच्या घरावर दिसला नाही की तो गद्दार. दोन्ही निवाडे खिडकीबाहेरूनच दिलेले असतात. २००२ च्या विश्वचषकापासून इंग्लंडच्या कितीतरी शहरांत पाकिस्तानी आणि बांगलादेशी टॅक्सीवाल्यांच्या गाड्यांवरही हाच झेंडा लागत आला आहे. त्यांतल्या कुणी तो प्रेमाने लावला असेल, कुणी गिऱ्हाईक बिथरू नये म्हणून. त्याची चौकशी करणारे आपण कोण?

अशी चौकशी करावी असे मात्र एका मंत्र्याला वाटले होते. एप्रिल १९९० मध्ये नॉर्मन टेबिट या हुजूर पक्षाच्या माजी मंत्र्याने एका अमेरिकन वृत्तपत्राला सांगितले की ब्रिटनमधले आशियाई लोक क्रिकेटमध्ये कुणाची बाजू घेतात हे पाहावे, म्हणजे त्यांची निष्ठा कुठे आहे ते कळेल. ही कसोटी क्रिकेटची असली तरी तिचा वापर फुटबॉलमध्येही झाला, आणि आपल्याला तर ती फारच ओळखीची आहे. भारत-पाकिस्तान सामन्याच्या दुसऱ्या दिवशी हसत हसत विचारलेला प्रश्न ऐकला नाही असा मुसलमान नोकरदार महाराष्ट्रात विरळाच. कुठे चार पोरांनी फटाके उडवले असतील तर त्याचा हिशेब साऱ्या मोहल्ल्याने द्यायचा. पण लंडनमध्ये वीस वर्षे राहिलेला, ब्रिटिश पासपोर्ट घेतलेला मराठी माणूस लॉर्ड्सवर तिरंगा घेऊन बसतो तेव्हा आपल्याला त्याचे कौतुक वाटते. टेबिटच्या कसोटीत तो नापास झाला, हे कुणाच्या मनात येत नाही. येऊही नये. मीही त्याला नापास करणार नाही. पण मग कसोटीच मोडीत काढली पाहिजे, विद्यार्थी बघून पेपर तपासता येत नाहीत. रंगावरून निदान करण्याचे काय होते ते नोव्हेंबर २०२२ मध्ये केरळच्या कण्णूर जिल्ह्यात दिसले. विश्वचषकासाठी फुटबॉलवेड्यांनी लावलेला पोर्तुगालचा हिरवा-तांबडा झेंडा एका माणसाने एका मुस्लिम पक्षाचा समजून फाडून टाकला. त्याच महिन्यात केरळातल्याच एका उलेमांच्या समितीने पोर्तुगालचा झेंडा लावू नका, ते आपल्यावर जुलूम करणारे वसाहतवादी होते, असे बजावले. बिचारा रोनाल्डो दोघांच्या तावडीत सापडला.

पाठीराखे बदलतात का? लिव्हरपूलचे उदाहरण दिले जाते. २०१७ मध्ये इजिप्तचा मोहम्मद सलाह तिथे आला. गोल केल्यावर तो मैदानावर सजदा करतो. पाठीराख्यांनी त्याच्यावर गाणे रचले, त्याचा मतलब असा की याने आणखी थोडे गोल केले तर आम्हीही मुसलमान होऊ, मशिदीत जाऊन बसू. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी आकडे तपासले, तेव्हा सलाह आल्यानंतर लिव्हरपूलच्या परिसरात द्वेषमूलक गुन्हे अपेक्षेपेक्षा १६ टक्क्यांनी कमी झालेले आढळले. हे लहान यश नाही. ज्यांनी आयुष्यात सजदा पाहिला नव्हता त्यांच्या पोरांनी अंगणात गोल केल्यावर सजद्याची नक्कल केली. मला ते गाणे आवडते. पण त्यातली 'तर' ही अट कानाला खटकते. गोल केले तर. आणि नाही केले तर?

त्याचे उत्तर जर्मनीत मिळाले. हिटलरनंतर साठ वर्षे जर्मन माणूस झेंडा हातात घ्यायला संकोचत असे. २००६ च्या विश्वचषकाचे यजमानपद मिळाले तेव्हा तो संकोच प्रथमच गळून पडला आणि रस्ते काळ्या-तांबड्या-सोनेरी झेंड्यांनी भरले. पुढे २०१४ मध्ये जर्मनीने विश्वचषक जिंकला, त्या संघात गेल्सेनकिर्खनमध्ये जन्मलेला, तुर्की आईबापांचा मेसुत ओझिल होता. २०१८ च्या मे महिन्यात त्याने तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान यांच्याबरोबर छायाचित्र काढून घेतले. त्यावर टीका करण्यासारखे पुष्कळ होते. पत्रकारांना तुरुंगात घालणाऱ्या सत्ताधीशाच्या निवडणुकीआधी त्याच्या शेजारी हसत उभे राहणे मलाही पटत नाही. पण जूनमध्ये जर्मनी कोरियाकडून ०-२ अशी हरून पहिल्याच फेरीत बाहेर पडली, आणि साऱ्या संघाच्या पराभवाचे खापर त्या एका छायाचित्रावर फुटले. २२ जुलैला ओझिलने देशाचा सदरा उतरवला. जिंकलो की मी जर्मन आणि हरलो की मी बाहेरून आलेला, असे त्याच्या निवेदनाचे म्हणणे होते.

तीन वर्षांनी हाच धडा वेम्बलीने गिरवला. ११ जुलै २०२१, युरोपचा अंतिम सामना, इटलीशी. त्या स्पर्धेत इंग्लंडचे खेळाडू प्रत्येक सामन्याआधी वंशद्वेषाच्या निषेधार्थ एक गुडघा टेकत, आणि त्यांचेच काही पाठीराखे त्यावेळी हुर्यो करत. गृहमंत्री प्रीती पटेल या गुजराती आईबापांच्या लेकीने गुडघा टेकण्याला दिखाऊ राजकारण म्हटले आणि हुर्यो करणे हा लोकांचा प्रश्न असल्याचे सांगितले. संघाचा प्रशिक्षक होता १९९६ मध्ये पेनल्टी हुकलेला तोच साउथगेट. याही वेळी पेनल्टी आल्या. मार्कस रॅशफर्ड, जेडन सँचो आणि एकोणीस वर्षांचा बुकायो साका हुकले. तिघेही काळे. सामना संपल्याच्या काही मिनिटांत फोनवर माकडांची चित्रे आणि शिव्या यायला लागल्या. साउथगेटलाही १९९६ मध्ये लोकांनी बोल लावले होते, पण तू इंग्रजच नाहीस असे त्याला कुणी म्हटले नव्हते. दुसऱ्या दिवशी पटेलबाईंनी वंशद्वेषाचा निषेध केला, तेव्हा टायरोन मिंग्ज या खेळाडूने त्यांना त्यांच्याच जुन्या शब्दांची आठवण करून दिली. मँचेस्टरच्या विथिंग्टन भागात भिंतीवर रॅशफर्डचे मोठे चित्र होते, ते रात्रीतून विद्रूप केले गेले. सकाळी वस्तीतल्या लोकांनी चिठ्ठ्या, बदाम आणि कागदी झेंडे चिकटवून ती भिंत झाकून टाकली. त्या कागदी झेंड्यांत सेंट जॉर्जचेही होते.

त्याच वर्षी मे महिन्यात वेम्बलीवर तिसराच झेंडा दिसला होता. १५ मे २०२१ रोजी लेस्टरने एफ.ए. कप जिंकल्यावर हमझा चौधरी आणि वेस्ली फोफाना हे दोघे पॅलेस्टाइनचा झेंडा घेऊन मैदानावर फिरले. तेव्हा गाझावर बॉम्ब पडत होते. हमझा लफबरो गावी जन्मला, आई बांगलादेशी, इंग्लंडच्या एकवीस वर्षांखालील संघातून तो खेळला होता. मुख्य संघाचे बोलावणे काही आले नाही. २५ मार्च २०२५ रोजी तो बांगलादेशचा सदरा घालून प्रथमच उतरला, तोही शिलाँगमध्ये, भारताविरुद्ध. सामना ०-० असा सुटला. टेबिटच्या कसोटीत हमझाला कुठे बसवायचे, हे टेबिटच जाणे.

२०२५ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये पुन्हा झेंड्यांचा हंगाम आला. बर्मिंगहॅमपासून सुरुवात होऊन गावोगावच्या विजेच्या खांबांवर सेंट जॉर्जचे झेंडे बांधले गेले, रस्त्यांवरच्या पांढऱ्या गोलांत तांबडे क्रूस रंगवले गेले. कुणी म्हणाले हे देशप्रेम, कुणी म्हणाले ही बाहेरून आलेल्यांना धमकी. ९ सप्टेंबरला इंग्लंडचा संघ बेलग्रेडमध्ये सर्बियाशी खेळत होता. उत्तरार्धात जेड स्पेन्स बदली खेळाडू म्हणून मैदानात आला. लंडनमध्ये जन्मलेला, टॉटनहॅम क्लबचा बचावपटू. इंग्लंडच्या पुरुषांच्या मुख्य संघाकडून खेळणारा तो पहिला मुसलमान मानला जातो. १८७२ पासून मोजले तर दीडशेहून अधिक वर्षे लागली. आपण पहिले असू हे ऐकून त्याला स्वतःलाच नवल वाटले होते. इंग्लंड ५-० असे जिंकले.

चार दिवसांनी, १३ सप्टेंबरला, एक लाखाहून जास्त माणसे युनियन जॅक आणि सेंट जॉर्जचे झेंडे खांद्यावर घेऊन मध्य लंडनमधून चालली. दोन्ही झेंडे आता एकाच मोर्चात होते. पुकारा त्याचाच, लूटनच्या हुल्लडबाजाचे नाव घेतलेल्याचा. शनिवार होता, लीगच्या सामन्यांचा वार. त्याच संध्याकाळी शहराच्या पूर्व भागात टॉटनहॅमने वेस्ट हॅमला ३-० असे हरवले.